औटघटकेचे सरकार : फ्रान्समधील मोनिस मंत्रिमंडळ, १९११

१९१०-११ सालच्या फ्रेंच राजकारणातले एक नाव मराठी वाचकाला चांगले ठाऊक असते : आरिस्तीद ब्रियाँ. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेतली, फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले, तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान ब्रियाँ होते. या प्रकरणातल्या नाचक्कीपायी ब्रियाँना राजीनामा द्यावा लागला, असे विधान आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आले आहे. तारखा पाहिल्या की हा समज कशातून झाला असावा ते कळते. लवादाचा निकाल २४ फेब्रुवारी १९११ला लागला आणि ब्रियाँनी पद सोडले २७ फेब्रुवारीला. पण त्या आठवड्यात पॅरिसच्या सभागृहात वाद पेटला होता तो धार्मिक संघांवरून. कायद्याने बंद केलेले हे संघ पुन्हा मूळ धरत आहेत आणि सरकार काणाडोळा करते आहे, असा डाव्यांचा आरोप होता. त्या ठरावावर ब्रियाँचे मताधिक्य इतके आक्रसले की खुर्चीला चिकटून राहण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. सावरकरांची बाजू फ्रान्समध्ये घेणारे लोक होते, आणि त्यांची आठवण आपण ठेवलीच पाहिजे : समाजवादी नेते झाँ झोरेस यांचे दैनिक ‘ल्युमानिते’ आणि कार्ल मार्क्सचे नातू झाँ लाँगे. पण सरकार पडले ते घरच्या भांडणाने.

ब्रियाँच्या पाठोपाठ २ मार्चला एर्नेस्त मोनिस यांचे सरकार आले आणि २३ जूनला पडले. चार महिनेही पुरे झाले नाहीत. फ्रान्सच्या इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांतही याला चार-दोन ओळी मिळतात, त्यांतल्या अर्ध्या एका विमान अपघातावर खर्च होतात. एवढ्याशा काळात दारूच्या कोठारांना आगी लागल्या, रेल्वे कंपन्यांनी सरकारला धुडकावून लावले, मोरोक्कोत फौज घुसली आणि युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर येण्याची पायाभरणी झाली. तिसऱ्या प्रजासत्ताकातली सरकारे औटघटकेची का ठरत, या जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला हे विस्मरणात गेलेले मंत्रिमंडळ नामांकित मंत्रिमंडळांपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

१८७० ते १९४० या सत्तर वर्षांत फ्रान्समध्ये शंभरावर मंत्रिमंडळे झाली. याची ठरलेली कारणे दिली जातात, आणि ती खोटी नाहीत. १८७५च्या घटनाकायद्यांनी राष्ट्राध्यक्षाला, सिनेटच्या संमतीने, कनिष्ठ सभागृह विसर्जित करण्याचा अधिकार दिला होता. पण १८७७ साली मार्शल मॅकमाहोन यांनी तो वापरून प्रजासत्ताकवाद्यांशी झुंज घेतली आणि ते हरले. त्यानंतर त्या अधिकाराला कोणी हात लावला नाही. सरकार पाडल्यावर आपल्याला मतदारांसमोर जावे लागेल, ही धास्ती खासदारांना उरली नाही. पंतप्रधानाला स्वतःचे कार्यालय नव्हते, वेगळा नोकरवर्ग नव्हता. तो अमुक एका खात्याचा मंत्री असे आणि वरून बैठकांचे अध्यक्षपद सांभाळी. मोनिस यांच्याकडेही गृहखाते होते. शिवाय सिनेट वेगळेच : नऊ वर्षांची मुदत, ग्रामीण निवडकांनी निवडून दिलेले, आणि हवे तेव्हा सरकारची कोंडी करू शकणारे. पक्ष म्हणावेत तर सैल गट. रॅडिकल पक्ष १९०१ साली रीतसर स्थापन झाला खरा, पण त्याचे खासदार मत देताना पक्षाचा आदेश मानतीलच याची हमी पक्षालाही नव्हती.

हे सगळे मान्य करूनही एक शंका उरते. याच घटनेखाली, याच सैल गटांवर वाल्देक-रूसो यांचे सरकार १८९९ ते १९०२ असे जवळपास तीन वर्षे चालले. त्यांच्यामागून आलेल्या एमिल कोंब यांनी अडीच वर्षे काढली. १९०६ ते १९०९ क्लेमांसो टिकले. मग १९०९ ते १९१४ या पाच वर्षांत दहाएक मंत्रिमंडळे का लागली? नियम तर बदलले नव्हते.

मला याचे उत्तर एका समितीत दिसते. कोंब यांच्या काळात डाव्या गटांचे प्रतिनिधी ‘देलेगासिओं दे गोश’ नावाच्या समितीत नियमित बसत. कोणता ठराव आणायचा, कोणता टाळायचा, कुठे सरकारला सांभाळून घ्यायचे आणि त्या बदल्यात काय मागायचे, हे तिथे आधी ठरे. तिचा आत्मा होते झोरेस. समाजवादी मंत्रिमंडळात नसतानाही सरकारचा तोल तेच सांभाळत. चर्च आणि राज्य यांची फारकत करण्याचे राजकारण याच समितीच्या बळावर पुढे सरकले. पण १९०४ साली अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने ‘बुर्झ्वा’ सरकारांशी सहकार्य करण्याविरुद्ध कौल दिला, १९०५ साली फ्रेंच समाजवादी त्या कौलानुसार एकत्र आले आणि झोरेस यांनी पक्षाची शिस्त मान्य केली. समिती संपली. आघाडीचे नाव पुढची दहा वर्षे घेतले जात राहिले, पण आघाडी चालवणारे यंत्र मोडीत निघाले होते. क्लेमांसो टिकले ते स्वतःच्या धाकावर, आणि तसा धाक प्रत्येकाला कुठून असणार?

मोनिस यांचे मंत्रिमंडळ या पोकळीत उभे राहिले. स्वतः मोनिस जिरोंद जिल्ह्याचे सिनेटर, शारांतचे मूळ रहिवासी, ब्रँडीच्या व्यापारातले, वाल्देक-रूसोंच्या सरकारात न्यायमंत्री राहिलेले. नेक, मेहनती, कोणाच्या डोळ्यांत न खुपणारे. अशा माणसाला पंतप्रधान केले जाते तेव्हा खरी माणसे दुसऱ्या खात्यांत बसलेली असतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. अर्थखाते जोझेफ कायो यांच्याकडे होते : उत्पन्नावरील कराचे कट्टर पुरस्कर्ते, हुशार, तितकेच गर्विष्ठ. युद्धखाते मोरिस बेर्तो यांच्याकडे. ते शेअरबाजारातले श्रीमंत दलाल, राजकारणात मात्र रॅडिकल पक्षाच्या डाव्या टोकाचे, शातू गावचे महापौर. १९१३ साली राष्ट्राध्यक्षपद रिकामे होणार होते, आणि त्या शर्यतीत त्यांचे नाव घेतले जाई. नौदल तेओफिल देलकासे यांच्याकडे आले. १९०५ साली मोरोक्कोच्या पेचात जर्मनीच्या दडपणाखाली याच देलकासेंना परराष्ट्रखाते सोडावे लागले होते, त्यामुळे त्यांचे पुनरागमन बर्लिनच्या नजरेतून सुटणारे नव्हते. परराष्ट्रखाते मात्र ज्यांना त्या कामाचा अनुभव नव्हता अशा झाँ क्रुप्पी यांना मिळाले. वसाहती मेसिमी यांच्याकडे, कामगारखाते तरुण पोल-बाँकूर यांच्याकडे.

या सगळ्यांना बांधणारा धागा एकच, ब्रियाँविरोध. ऑक्टोबर १९१०च्या रेल्वे संपात ब्रियाँनी संपकऱ्यांना थेट लष्करी सेवेत बोलावून संप मोडला होता. एकेकाळी सार्वत्रिक संपाचा प्रचार करणाऱ्या माणसाने हे करावे, याचा डाव्यांना आलेला संताप मोठा होता. नवे सरकार म्हणजे त्या धोरणाला ‘नाही’ असे उत्तर. पण ‘हो’ कशाला म्हणायचे, यावर मंत्र्यांत एकवाक्यता नव्हती, आणि ती घडवायला कोंब यांच्या काळातली समितीही नव्हती. अशा सरकारला आपल्याकडे कडबोळे म्हणतात.

पहिली कसोटी रेल्वेचीच लागली. संपानंतर हजारो कामगार बडतर्फ झाले होते. त्यांना परत घ्यावे अशी सभागृहाची इच्छा होती, सरकारचीही होती. सरकारी मालकीच्या पश्चिम मार्गावर ते शक्य होते. पण बाकीचे मोठे मार्ग खाजगी कंपन्यांचे होते. बांधकाममंत्री शार्ल द्युमाँ यांनी कंपन्यांना विनंती केली, आग्रह केला. कंपन्यांनी सरळ नकार दिला. कायद्याने सक्ती करायची तर सिनेट आडवे येणार, आणि सक्ती न करावी तर झोरेस यांचे लोक खवळणार. सरकार या दोहोंच्या मधे लटकले. बडतर्फ कामगारांच्या घरी चूल कशी पेटत असेल, हा प्रश्न त्या लांबलेल्या चर्चांत मागे पडला, आणि मला या सरकारची सर्वात दुखरी बाजू तीच वाटते. ज्यांच्या नावाने सत्ता आली त्यांना देण्यासारखे तिच्या हातात काही नव्हते.

दुसरी कसोटी शॅम्पेनची, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवे. शॅम्पेन हे मद्य ज्या प्रांताच्या नावाने विकले जाते तिथला द्राक्ष-शेतकरी फिलोक्सेरा किडीने आणि लागोपाठच्या वाईट हंगामांनी खचला होता. १९१०चे पीक तर जवळजवळ हातचे गेले. मार्न जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा आरोप असा की बड्या पेढ्या बाहेरून, दक्षिणेतून आणि लुआरकाठाहून, स्वस्त द्राक्षे आणि दारू आणतात आणि वर शॅम्पेनची चिठ्ठी चिकटवतात. डिसेंबर १९०८मध्ये सरकारने सीमा आखून दिली : मार्न आणि एनचा काही भाग एवढाच शॅम्पेन. त्यामुळे शेजारचा ओब जिल्हा, जिथून पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे जात, एका फटक्यात बाहेर फेकला गेला. १९११च्या वसंतात ओब पेटला. महापौरांनी राजीनामे दिले, करभरणा थांबला, ९ एप्रिलला त्र्वा शहरात प्रचंड मोर्चा निघाला. सरकार डगमगले. ११ एप्रिलला सिनेटने अशा सीमाच रद्द कराव्यात असा कौल दिला. ओबसाठी ती दिवाळी होती, मार्नसाठी विश्वासघात. तारेने बातमी पोचली आणि त्याच रात्री दामेरी, दिझी या गावांत कोठारांवर हल्ले सुरू झाले. दुसऱ्या दिवशी जमाव आयी गावात शिरला. पेढ्यांच्या इमारती पेटवल्या, पिंपे फोडली, बाटल्या रस्त्यावर आपटल्या, गटारांतून दारू वाहिली. जमाव आंधळा नव्हता. बाहेरची द्राक्षे आणत नाही अशी ख्याती असलेल्या बोलँजे यांच्या पेढीला त्याने हात लावला नाही. सरकारने घोडदळ धाडले आणि हिरव्या वेलींच्या टेकड्यांवर छावण्या पडल्या.

मोनिस स्वतः त्या जिरोंदचे, ज्याच्या बोर्दो दारूला त्याच वर्षी अशीच सीमा आखून मिळाली होती. म्हणजे हा माणूस प्रश्न समजत नव्हता असे नाही. तो सोडवायला जे लागते, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवून तोड काढणे आणि ती तोड दोन्ही सभागृहांतून पार नेणे, तेवढी पत त्याच्यापाशी नव्हती. जूनमध्ये हुकूम निघाला : ओबला ‘शॅम्पेन, दुसरा विभाग’ म्हणावे. ओबच्या शेतकऱ्याला हा अपमान वाटला, मार्नच्या शेतकऱ्याला दरोडा. ओबला पूर्ण मान मिळाला तो १९२७च्या कायद्याने.

दारूगावांत घोडदळ फिरत होते तेव्हाच, ईस्टरच्या सुटीत सभागृह बंद असताना, मोरोक्कोचा निर्णय झाला. फेझ शहरात सुलतान अब्द अल-हाफिझ याला बंडखोर टोळ्यांनी वेढले होते, युरोपीय रहिवाशांचे प्राण धोक्यात आहेत अशा तारा येत होत्या. धोका किती खरा होता यावर तेव्हाही मतभेद होते. १९०६च्या अल्जेसिरास कराराने मोरोक्कोचे स्वातंत्र्य आणि सुलतानाचे सार्वभौमत्व मान्य केलेले होते. फौज आत खोलवर नेणे म्हणजे तो करार फाडण्यासारखे. तरी बेर्तो आग्रही होते, क्रुप्पी त्यांच्यामागे गेले, मंत्रिमंडळाने मान डोलावली. कायो यांनी पुढे ‘अगादीर’ या पुस्तकात आपण साशंक होतो असे मांडले आहे. ते पुस्तक स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले आहे हे ध्यानात ठेवूनच वाचावे. झोरेस यांनी या मोहिमेला सुरुवातीपासून विरोध केला. जनरल म्वानिये यांची फौज २१ मे रोजी फेझमध्ये दाखल झाली. मग स्पेनने आपला वाटा म्हणून जूनमध्ये लाराशला सैनिक उतरवले, आणि १ जुलैला जर्मन गनबोट ‘पँथर’ अगादीरसमोर येऊन उभी राहिली. तोवर मोनिस घरी गेले होते. पेच निस्तरावा लागला तो त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या कायो यांना.

फ्रेंच राजकारणाच्या अभ्यासकांत एक मत असे आहे की सरकारे पडत त्याने फार बिघडत नसे, कारण माणसे तीच राहत. देलकासे, कायो, मेसिमी, ब्रियाँ, सगळे फिरून फिरून खात्यांत येत. खालचे अधिकारी तर हलतच नसत. रोबेर द जुव्हनेल यांनी १९१४ साली ‘सोबत्यांचे प्रजासत्ताक’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहून हीच आतली ओळखदेख टीकेचा विषय केली. दैनंदिन कारभारापुरते हे मत मला पटते. फेझच्या बाबतीत मात्र ते तोकडे पडते. माणसे टिकली, पण जबाबदारी टिकली नाही. एप्रिलमध्ये फौज पाठवणाऱ्या मंत्रिमंडळाला जुलैमध्ये त्याचा जाब देण्याची वेळच आली नाही. निर्णय एका सरकारचा, परिणाम दुसऱ्याच्या माथी, आणि दुसऱ्याने नोव्हेंबरमध्ये जर्मनीशी तडजोड केली म्हणून टीका त्याच्यावर. ज्या मोरोक्कन माणसांच्या देशात ही फौज शिरली त्यांना तर कोणाकडेच जाब मागता येत नव्हता. मार्च १९१२मध्ये त्यांच्यावर फ्रेंच संरक्षित राज्याचा करार लादला गेला. अल्पायुषी सरकारे दुबळी असतात असे म्हणण्याचा प्रघात आहे. संसदेसमोर ती दुबळी असतात हे खरे. संसद सुटीवर असताना ती धोकादायक ठरू शकतात.

म्वानियेंची फौज फेझमध्ये शिरली त्याच रविवारी सकाळी पॅरिसजवळ इसी-ले-मूलिनोच्या मैदानावर ‘ल पती पारिझिएँ’ या दैनिकाने आयोजित केलेली पॅरिस-माद्रिद विमानशर्यत सुरू होत होती. पहाटेपासून माणसांचा समुद्र लोटला होता. मोनिस, बेर्तो आणि इतर पाहुणे जवळून उड्डाणे पाहायला मैदानातच गेले. गर्दी आत घुसत होती, तिला मागे रेटण्यासाठी घोडेस्वारांची तुकडी मैदान ओलांडत होती. एमिल त्रँ यांच्या विमानाचे इंजिन उड्डाणानंतर लगेच कुरकुरू लागले. ते उतरण्यासाठी वळले तो समोर घोडेस्वार. त्यांना चुकवायला त्यांनी विमान उचलले, आणि घोड्यांच्या पलीकडे, नजरेआड उभ्या असलेल्या मंत्र्यांच्या घोळक्यावर ते आदळले. बेर्तो जागीच ठार झाले. पंख्याने त्यांचा हात तोडला होता. मोनिस यंत्राखाली सापडले, पाय मोडला. वैमानिकाला इजा झाली नाही. शर्यत पुढे चालू राहिली आणि झ्यूल व्हेद्रीन एकटेच माद्रिदला पोचले.

या अपघातानेच सरकार गेले असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. सरकार अपघातानंतर महिनाभर जगले. मोनिस अंथरुणावरूनच काम पाहत होते. बेर्तोंच्या जागी जनरल ग्वाराँ आले. जूनमध्ये त्यांना विचारण्यात आले की युद्ध झाले तर सैन्याचा सरसेनापती कोण? ग्वाराँ यांनी सांगितले की असा एक सरसेनापती असणार नाही, युद्धाची सूत्रे सरकारच्या हाती राहतील. मोरोक्कोवरून जर्मनीशी तंटा वाढत असताना हे उत्तर ऐकून सभागृहात खळबळ उडाली. २३ जूनला मतदान झाले, थोड्या मतांनी सरकार पडले. विरोधी मते देणाऱ्यांत लष्कराची काळजी असलेले होते, रेल्वे कामगारांवरून रुसलेले होते, शॅम्पेनवरून दुखावलेले होते, आणि निवडणूक पद्धत बदलून प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणावे या मागणीवरून रागावलेले तर दोन्ही बाजूंना होते. ग्वाराँ यांचे उत्तर हे निमित्त झाले. धडधाकट मोनिस आणि जिवंत बेर्तो असते तर हा मुक्काम फार तर शरद ऋतूपर्यंत लांबला असता, असे मला वाटते; रुसव्यांची यादी त्यांनी कमी केली नसती.

ग्वाराँ यांना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मात्र झटपट मिळाले. कायो सरकारात युद्धमंत्री झालेल्या मेसिमी यांनी जुलै संपण्याआधी लष्करी अधिकारांची फेररचना केली आणि जनरल झोफ्र यांना सर्वोच्च पदावर नेमले. १९१४च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य त्यांच्याच हुकमाखाली युद्धाला निघाले.

कायो यांचे सरकार जानेवारी १९१२मध्ये गेले. मग प्वाँकारे एक वर्ष, पुन्हा ब्रियाँ दोन महिने (प्रमाणशीर प्रतिनिधित्वावरून त्यांना सिनेटने घालवले), बार्तू, दूमेर्ग, आणि जून १९१४मध्ये रिबो यांचे सरकार, जे सभागृहासमोर उभे राहिले त्याच दिवशी कोसळले. या रांगेत मोनिस यांचे चार महिने फार लाजिरवाणे नाहीत.

पण या मंत्रिमंडळाने मागे ठेवलेली एक गोष्ट तीन वर्षांनी वर आली. मार्च १९११मध्ये, सत्तेवर येऊन महिना झाला नव्हता तेव्हा, कायो यांच्या सांगण्यावरून मोनिस यांनी पॅरिसचे वरिष्ठ सरकारी वकील व्हिक्तोर फाब्र यांना बोलावले. रोशेत नावाच्या भांडवलदाराने हजारो लहान ठेवीदारांना बुडवले होते. त्याचा खटला पुढे ढकलावा असे फाब्र यांना सांगण्यात आले. फाब्र यांनी ऐकले, न्यायालयाने तारीख लांबवली, रोशेत पुढे पळून गेला. मनाविरुद्ध केलेल्या या कामाची नोंद फाब्र यांनी कागदावर करून ठेवली होती. १६ मार्च १९१४ रोजी कायो यांच्या पत्नी आँरिएत यांनी ‘फिगारो’चे संपादक काल्मेत यांच्यावर गोळ्या झाडून त्यांचा प्राण घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी बार्तू यांनी तो कागद सभागृहात वाचून दाखवला. मोनिस तेव्हा दूमेर्ग सरकारात नौदलमंत्री होते. त्यांना पद सोडावे लागले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते झोरेस, आणि साक्षीदारांच्या खुर्चीत त्यांच्यासमोर मोनिस आणि कायो बसले : १९११च्या त्या आघाडीतले दोघे, आणि बाहेर राहून तिला निम्मा श्वास पुरवणाऱ्या पक्षाचा नेता.